हिरवा ठिपका आणि आमचं गाऱ्हाणं

मालवणच्या बाजारात माझी ठरलेली मासेवाली आहे, शेवंती. परवा बांगडे पिशवीत टाकता टाकता तिने मला विचारलं, "काकी, तुमी कंप्युटरचा नेमका काय काम करतास? बिघाडलो काय दुरुस्त करतास?"

"नाय गो. बिघाडायच्या आधी बघतंय, खंय बिघाडतलो तां."

"आणि बिघाडलोच नाय तर? मगे तुमका कोण इचारता?"

"कोणच नाय," मी म्हटलं.

शेवंतीने माझ्याकडे बघितलं आणि एक बांगडा वर टाकला, बहुधा दया येऊन.

माझी सगळी नोकरी तिच्या त्या प्रश्नात बसते. पुण्यात मोठ्या कंपन्यांत उमेदीची वर्षं काढली, मग मालवणात परत येऊन बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, एका सोनाराच्या दुकानावरच्या माडीवर स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. दोन्हीकडे माझं काम एकच होतं. लोक सॉफ्टवेअर लिहायचे आणि मी विचारायचे, "हे झालं नाही तर काय?" या प्रश्नामुळे माझे किती मित्र दुरावले ते मोजायला बसत नाही. पण माझ्या हातून बाहेर पडलेली कामं उभी राहिली, चालली, आणि एकदा तर त्यामुळे चार माणसं घरी आली. त्याबद्दल मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. दिवाळी अंकात विनय दाखवायला जागाही कमी असते.

आधी धंदा थोडा समजावून सांगते. बाहेरच्यांना वाटतं, सॉफ्टवेअर म्हणजे एक हुशार माणूस, एक कंप्युटर आणि खूप चहा. चहाचं खरं आहे. पण हुशार माणूसही चुकतो, आणि गंमत म्हणजे स्वतःची चूक त्याला दिसत नाही. म्हणून एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं, वाचल्याशिवाय ते पुढे सोडायचं नाही. आमच्याकडे या वाचनाला "इन्सुली" म्हणतात. गोव्याहून येणारी गाडी इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर जशी थांबते, तसं आमचं प्रत्येक काम तिथे थांबतं. गाडी मंत्र्याची आहे की पाव विकणाऱ्याची, हे नाक्यावर बघत नाहीत. माझं स्वतःचं कामही इन्सुलीला थांबायचं आणि नंदिनी ते उघडून, खालीवर करून बघायची.

नंदिनी ही आमची टेस्टर. मच्छीमाराच्या घरातली मुलगी, कुडाळला कॉलेज केलेली, आणि कशावरही पटकन विश्वास न ठेवणारी. लिहायचं काम सचिनकडे. तो माझ्या गावचा, धामापूरचा, बोटं विजेसारखी चालणारा आणि तोंड त्याहून जास्त. मी धरून तिघं, एवढीच आमची कंपनी.

दुसरी शिस्त अशी की सरावाची जागा वेगळी आणि खरी जागा वेगळी. हे मी देवबागच्या बापूंना किती वेळा सांगितलं असेल. बापूंचं खाडीकाठी राहण्या-जेवण्याचं छोटं हॉटेल आहे. त्यांना आम्ही खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं. त्यांची पहिली मागणी होती की शिमग्यात ते आपोआप बंद व्हावं, कारण "शिमग्यात मी कोणाचोच नाय." तेही करून दिलं. शिकायला म्हणून एक खोटं हॉटेलही दिलं, त्यात हव्या तेवढ्या खोट्या पाहुण्यांची नोंद करा म्हणून सांगितलं. बापूंना खोट्यात रस नव्हता. त्यांनी खऱ्या हॉटेलातच एका अख्ख्या कुटुंबाची नोंद केली, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, सगळ्यांचं जेवण सुरमईचं. स्वयंपाकघरातल्या पडद्यावर ऑर्डर उमटली. बापूंच्या बायकोने, माईंनी, सुरमई आणली, खोबऱ्याचं वाटप वाटलं, सोलकढी केली आणि दुपारी दारात उभ्या राहिल्या.

मला फोन आला तो माईंचाच. "तुझ्या कंप्युटरातली माणसा जेवूक केवा येतली गो?"

आम्ही तिघं गेलो आणि ती माणसं होऊन जेवलो. सुरमई फार चांगली झाली होती. त्यानंतर बापू सरावाला नेहमी खोट्या हॉटेलात जातात, आणि माई पडद्यावर नाव दिसलं की आधी फोन करून माणूस खरा आहे का ते विचारतात. मला विचाराल तर आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा माईंची ती सवय जास्त भरवशाची आहे.

आता गाऱ्हाण्याकडे येते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पुण्याहून येताना मी धोके नोंदवायची पद्धत बरोबर आणली होती. धोका कोणता, किती मोठा, उपाय काय, जबाबदार कोण, असे रकाने. मीटिंग घ्यायची आणि विचारायचं, "काही धोका दिसतो का?" सगळे एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाही, सगळं ठीक आहे." पुण्यातही हेच म्हणायचे. धोका बोलून दाखवणं म्हणजे आपल्या कामात खोट आहे असं कबूल करणं, असं लोकांना वाटतं. मग कोण कशाला तोंड उघडेल?

एकदा एका कामाची नवी आवृत्ती चढवायची होती. सचिनने थट्टेत नारळ आणला, सर्व्हरच्या पेटीसमोर ठेवला, हात जोडले आणि गावच्या गाऱ्हाण्याच्या चालीत सुरू झाला.

"बा देवा सर्व्हर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," नंदिनीने साथ दिली.

"आज ही तुझी लेकरा तुका नवी आवृत्ती चढवतत. तुझी जागा भरत इली आसा, तां काकीक अजून कोणी सांगूक नाय, तां तू सांभाळून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"बॅकअप घेतलो आसा, पण तो परत उघाडता काय नाय तां कोणी बघूक नाय, तो उघाडान दे रे म्हाराजा..."

मी जागेवरून उठले. मीटिंगमध्ये महिनोन् महिने जे बाहेर आलं नव्हतं ते नारळासमोर भडाभडा बाहेर येत होतं. नारळ तसाच ठेवला, आवृत्ती थांबवली, बॅकअप उघडून बघितला. तो उघडला नाही.

आमच्या भागातल्या वाचकांना गाऱ्हाणं काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. कुठल्याही कार्याआधी जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि काय काय वाईट घडू शकतं ते एकेक करून, न लाजता, मोठ्याने सांगतो. वाटेत कोणी आडवा आला तर, कोणाची नजर लागली तर, काही राहून गेलं, चुकलं तर. प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझे काका गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. लहानपणी ते ऐकून मला वाटायचं, या माणसाला एवढ्या अडचणी सुचतात कशा? पुढे मोठमोठ्या कंपन्यांत या कामासाठी खास माणसं नेमलेली पाहिली. त्यातल्या एकालाही काकांइतकं सुचत नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात आवृत्ती बाहेर पडण्याआधी गाऱ्हाणं घालायचा नियम झाला. प्रत्येकाने निदान एक भीती बोलायचीच. बोलणाऱ्याला कोणी खोडायचं नाही, हसलं तर चालेल. देवळातल्यापेक्षा एकच गोष्ट मी वेगळी केली. देवळात "व्हय म्हाराजा" सगळे मिळून म्हणतात. आमच्याकडे एकानेच म्हणायचं, आणि जो म्हणेल त्याने ती अडचण निस्तरायची. सगळे मिळून हो म्हणतात तेव्हा ते काम कोणाचंच नसतं, हे मी पुण्यात फार जवळून पाहिलं होतं.

आमचं सगळ्यात मोठं काम आलं बंदरावरून. मच्छीमारांच्या सोसायटीला बोटींची नोंद हवी होती. कुठली बोट बाहेर गेली, कुठली परत आली. वादळाचा इशारा आला की ऑफिसातल्या पडद्यावर एका नजरेत दिसायला हवं, अजून कोण दर्यात आहे. बोट बाहेर असली की लाल ठिपका, परत आली की हिरवा. सुरुवातीची व्यवस्था साधी होती. तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखाने, निघताना साध्या फोनवरून एक नंबर फिरवायचा आणि एक बटण दाबायचं, परत आला की दुसरं. सचिनने त्यात एक गोड आवाज घातला होता, "आपण कुठे निघालात?" गाऱ्हाण्यात नंदिनीने तो आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. "दर्यार जाणाऱ्याक कोण 'खंय' म्हणान इचारता? बाबा फोन दर्यात टाकतले." त्या दिवशी तो गोड आवाज गेला आणि पुढे बंदरावर एकाही माणसाने व्यवस्थेबद्दल अपशकुनाची तक्रार केली नाही.

सोसायटीचे चेअरमन आबा. स्वतःच्या बोटी असलेले, शब्दाचे पक्के, रागाचेही पक्के. त्यांचा राग ओळखायची एक खूण होती. मन बरं असलं की आबा मालवणीत बोलायचे आणि मला "बाय" म्हणायचे. राग आला की ते शुद्ध मराठीत शिरायचे आणि मी "मॅडम" व्हायचे. त्यांच्या मोठ्या बोटीवर तांडेल होता रघू. पस्तिशीचा, काळाभोर, हसरा. आमच्या माडीवर आला की विचारायचा, "काकी, ह्यां तुमचा ॲप म्हावरा खंय आसा तां दाखवता काय? नाय? मगे कित्याक ह्यां?" आणि चहा पिऊन जायचा.

जुन्या व्यवस्थेत एक कटकट होती. दमून परत आलेला माणूस बटण दाबायला विसरायचा. मग बोट किनाऱ्याला, ठिपका लाल. सोसायटीचा कारकून फोन करायचा आणि झोपमोड झालेल्या तांडेलाकडून ऐकून घ्यायचा. म्हणून आबांना नवी आवृत्ती हवी होती, मोठ्या फोनवरचं ॲप. निघताना बटण दाबायचं, पुढचं फोन स्वतःच बघेल. काही वेळाने फोन किनाऱ्याच्या आत दिसला की बोट आली, ठिपका हिरवा. माणसाने विसरायचा प्रश्नच नाही. सचिनने ते सुरेख केलं होतं. नारळी पुनवेला, हंगाम सुरू होताना, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. मांडवाची ऑर्डरही गेली.

आणि गाऱ्हाणं घातलं गेलं.

सचिनने इंटरनेट जाण्याची भीती घातली, मी सर्व्हर बंद पडण्याची. मग आली नंदिनीची पाळी. तिने हातही जोडले नाहीत. "फोन घराक, बोट दर्यात," एवढंच म्हणाली.

"म्हणजे?"

"काकी, बाबा मोठो फोन बोटीर नेत नाय. खारा पाणी लागता. निघताना आवशीच्या हातात देतत, ती तो तांदळाच्या डब्यात ठेवता. सगळे तसाच करतत."

भिजलेला फोन तांदळात ठेवतात हे जगभर माहीत आहे. आमच्याकडे तो भिजायच्या आधीच ठेवतात. धक्क्यावर बटण दाबून तांडेल फोन बायकोच्या हातात देणार, बायको घरी जाणार, आणि आमचं सुरेख ॲप म्हणणार, बोट आली. हिरवा ठिपका. बोट मात्र खोल पाण्यात.

"व्हय म्हाराजा" कोणी म्हणेना. शेवटी मी म्हटलं, म्हणजे ते माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी मी आबांकडे गेले.

"त्यात काय?" आबा म्हणाले. "फोन बोटीवरच न्यायचा असा नियम करू. मी स्वतः रघूला नवीन फोन घेऊन दिला आहे." शुद्ध मराठी सुरू झालेलं होतं.

"आबा, नियम केल्यान तांदळाचो डबो रिकामो जावचो नाय."

"मॅडम, आपण हे काम सोसायटीसाठी करता की स्वतःच्या समाधानासाठी? कुडाळचा एक मुलगा म्हणतो, असलं ॲप तो आठवड्यात करून देईल."

"करून दितलो. पण माझा एक आयका. बोट घराक आसा आणि लाल दिसली तर तुमका चार गाळी खावच्यो लागतल्यो. बोट भायर आसा आणि हिरवी दिसली तर तिका शोधूक कोण जावचोच नाय. पयली चूक परवाडता. दुसरी नाय."

आमच्या धंद्यातलं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं शहाणपण एवढंच आहे. चुका होणारच. कुठल्या बाजूला चुकायचं ते आधी ठरवून ठेवायचं.

मी तोडगा नेला होता. फोन किनाऱ्यावर दिसला तर ठिपका हिरवा नाही, पिवळा करायचा. पिवळा म्हणजे "आली असावी". हिरवा तेव्हाच, जेव्हा किनाऱ्यावरचं ठरलेलं माणूस, बायको, आई, भाऊ, कोणीही, बोट डोळ्यांनी बघून बटण दाबेल. इशाऱ्याच्या दिवशी ठिपका पिवळाच राहिला तर कारकुनाने घरी फोन करायचा, बोट नसेल तर वायरलेसवरून आसपासच्या बोटींना आणि सरकारी यंत्रणेला कळवायचं. याचा सगळ्यांकडून एकदा सराव करून घ्यायचा. आणि सुरुवातीला थोड्याच बोटींवर नवी आवृत्ती, बाकीच्या जुनीवर.

"पिवळो," आबा म्हणाले. रागातही मालवणी बाहेर पडलं. "पावण्यांका काय सांगू? बोटींका कावीळ झाली म्हणान?" मग पुन्हा शुद्धीवर येऊन म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत बघू. नंतर सोसायटी आपल्या कामाचा फेरविचार करील."

सोसायटीचं काम गेलं असतं तर माडीचं भाडं भरून तिघांना पोसणं मला जमलं नसतं. ते मला कळत होतं आणि आबांनाही. तरी मी मान डोलावून घरी आले. त्या दिवशी मी घाबरले होते, पण मागे फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पडदा भर श्रावणात पिवळाजर्द झाला. "छान, छान," पाहुणे म्हणाले, "हळदीसारखा रंग आहे." आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. बायका कुरकुरायच्या, बटण दाबायचं हे नवं काम कशाला म्हणून. आबा कारकुनाकरवी निरोप पाठवायचे की पिवळा काढा. सचिनही कंटाळला होता. "काकी, एका ओळीचो बदल आसा. करू? गावाक शांती मेळात." मी नाही म्हटलं. तो चिडून खाली चहा प्यायला गेला. पण मला न विचारता त्याने ती ओळ बदलली नाही, आणि बदलायची ठरवली असती तरी नंदिनीच्या इन्सुलीतून ती पलीकडे गेली नसती.

दसरा झाल्यावर एका दिवशी सकाळी आभाळ निरभ्र होतं, बोटी गेल्या. दुपारी हवामान खात्याचा इशारा आला आणि मागोमाग वारा. कारकुनाने इशाऱ्याचं बटण दाबलं, संदेश गेले, वायरलेसवर पुकारा झाला. मी आणि नंदिनी सोसायटीत जाऊन बसलो. बोटी परत येऊ लागल्या. फोन बरोबर नेलेल्यांचे लाल ठिपके पिवळे होत होते, पिवळे हिरवे होत होते, धक्क्यावर बायका उभ्या राहून बटणं दाबत होत्या. दिवस कलताना सगळा पडदा हिरवा झाला. एक पिवळा ठिपका सोडून.

तो आबांच्याच बोटीचा होता. रघूचा.

आबा तिथेच होते. पडद्याजवळ जाऊन म्हणाले, "फोन रघूच्या घराक दिसता. पोचलो असतलो तो. सरिता बटाण दाबूक इसारली." सरिता म्हणजे रघूची बायको. आवाजात खात्री होती. फोन बोटीवरच न्यायचा असं त्यांनी रघूला स्वतः बजावलं होतं, मग फोन घरी म्हणजे रघू घरी. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पण सराव झालेला होता. आबांचं बोलून होईपर्यंत कारकुनाने सरिताचा नंबर फिरवलाही होता. तिने उचलला. कारकुनाने आवाज मोठा केला.

"तेंचो फोन हयच आसा. डब्यात. ते खंय इले? मी धक्क्यार जावन इलंय, बोट नाय. म्हणान मी बटाण दाबूक नाय."

आबा खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

वायरलेसवर पुकारा गेला, निवतीपासून रेडीपर्यंत. सरकारी ऑफिसला कळवलं. वारा दक्षिणेला ढकलत होता, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या आणि रेडीच्या बोटींना खास सांगितलं. नंदिनी एकामागून एक फोन करत होती, न अडखळता, सरावात केले तसेच. सरिता येऊन सोसायटीच्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. इतकी वर्षं मी "काय होईल" हा प्रश्न विचारून पोट भरलं. त्या पायरीवर तो प्रश्न मला सहन होत नव्हता.

अंधार पडायच्या बेताला वायरलेस खरखरला. रेडीकडे परत निघालेल्या एका बोटीला रघूची बोट दिसली होती. पंख्यात जाळं अडकून इंजीन बंद पडलेलं, वायरलेसही बंद, नांगर टाकलेला, पण धरत नव्हता. आणि मग पलीकडचा माणूस म्हणाला, "माणसा चारय बरी आसत. ओढून रेडीक नेतव."

सरिता रडली. मीही रडले. नंदिनीने मात्र कारकुनाला सांगितलं की ठिपका अजून पिवळाच ठेव, रेडीच्या धक्क्यावर कोणी डोळ्यांनी बघून कळवलं की मगच हिरवा कर. त्या क्षणी मला कळलं की आता माझी या ऑफिसला गरज उरलेली नाही. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

त्या दिवशी पडदा हिरवा दिसला असता तर काय झालं असतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित सकाळी कोणाला तरी बोट दिसलीही असती. रघूला विचारलं तर तो म्हणतो, "काकी, नांगराचो दोर धरूचो नाय होतो. थोडोच ऱ्हवलेलो." मग हसून चहा मागतो. फोन अजूनही तांदळाच्या डब्यातच ठेवतो.

आबा दिवाळीनंतर माडीवर आले. कामाच्या फेरविचाराचं काही बोलले नाहीत. चहा घेतला, सर्व्हरच्या पेटीकडे बघत बसले आणि उठताना म्हणाले, "बाय, तो पिवळो रंग तसोच ऱ्हवान दे." आभार वगैरे आमच्याकडे कोणी मानत नाही, आणि मला ते नकोही होते.

हळहळ आहे ती सचिनची. पुढे तो हैदराबादला गेला, मोठ्या कंपनीत. त्याचा फोन येतो. तिथे गाऱ्हाणं घालत नाहीत, म्हणतो, रकाने भरतात आणि सगळं ठीक आहे असं लिहितात. असली माणसं इथे टिकवून धरायला जे लागतं ते मला कधी जमलं नाही. ऑफिस आता नंदिनी चालवते. मी जाते, पण माझी खुर्ची खिडकीजवळ हलवली आहे.

यंदाच्या नारळी पुनवेला मी धक्क्यावर गेले होते. गर्दी होती, बायकांचा नारळ लढवण्याचा खेळ नुकताच संपला होता. सोन्याचा कागद लावलेला नारळ हातात घेऊन आबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. रघू आणि सरिता पुढे होते. आबांनी दरवर्षीचं गाऱ्हाणं सुरू केलं. वाऱ्यापासून सांभाळ, खडकापासून सांभाळ, जाळी भरून दी. प्रत्येकाला गर्दीचा एकच आवाज, "व्हय म्हाराजा."

मग आबा थांबले. गाऱ्हाण्यात ते कधी थांबत नाहीत. पुन्हा आवाज लावून म्हणाले, "आणि जेचो फोन घराक आसा, पण बोट दर्यात आसा, तेका कोणी हिरवो म्हणा नको रे म्हाराजा..."

हे वाक्य गाऱ्हाण्यात कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. गर्दीला उत्तर द्यायचं सुचलं नाही. मी तोंड उघडलं, सवयच ती.

माझ्या आधी मागून एकटा, खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

नंदिनी. गर्दीत कोणाला कळलं नसेल, पण आमच्या ऑफिसात एकट्याने म्हटलेल्या त्या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं, आणि तिलाही. मी तोंड मिटलं. आबांनी नारळ पाण्यात सोडला.